अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्या

नाही वन्सं, तिथे नको, खिडकीपाशी बसा – वारा आहे तिथे – आणि तो मास्क नाकावर घ्या, हनुवटीला अडकवून काय उपयोग? हं, अस्सं. डबा ठेवा खाली. जेवते मागाहून. तोंडाला चव कसली ती नाही, पण गिळते कसंबसं. काय म्हणाले हे? झालं गेलं विसरून जा? असं म्हणाले? स्वतः यायची छाती नाही, तुम्हाला पुढे केलं! जाऊ दे, तुमच्यावर नाही हो राग. सासरचं एक तरी माणूस येतंय, पोरीलाही तुम्ही ठेवून घेतलंत – कोण करतं एवढं? म्हणून तुम्हाला सांगते, तुम्हाला सगळं ठाऊक नसेल.

यांना क्षय झाला तेव्हा मी शिवणाची कामं परत केली, आठवतंय ना? रोज समोर उभी राहून गोळी द्यायची. मग अंगावर मांस चढलं, खोकला थांबला, कामावर जायला लागले – तर म्हणतात, मी काय कुक्कुलं बाळ आहे? माझं मी घेईन. बरं म्हटलं. संध्याकाळी विचारायची, घेतली? – घेतली. नवऱ्याच्या शब्दावर नाही विश्वास ठेवायचा तर कुणाच्या? पुढे पुन्हा खोकायला लागले तर म्हणाले, धुळीनं होतंय. मी पाठ चोळून द्यायची, वन्सं! पोरगी आमच्या दोघांच्या मध्ये झोपायची.

मग त्या क्षयानं मलाच धरलं. रिपोर्ट आला तशी डॉक्टरीणबाई स्टूल ओढून जवळ बसली – डॉक्टर बसून बोलायला लागला की समजावं. म्हणाली, आधी गोळ्या अर्धवट सोडल्या होत्या का? मला हसूच आलं. मी डोकेदुखीला गोळी घेत नाही कधी! तर म्हणते, तुमच्या जंतूंवर नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत, ते आधीच त्यांना पुरून उरलेत. घरात कुणी सोडल्या होत्या? – काय सांगणार?

आता ही नवी गोळी देतात. बाईंनी समजावलं छान. म्हणे प्रत्येक जंतूच्या आत एक इवलंसं चाक फिरत असतं, त्यावर त्याची ताकद तयार होते. गोळी नेमकी त्या चाकात जाऊन अडकते. जुन्या औषधांना दाद न देता काही जंतू नुसते पडून राहतात, झोपल्यासारखे – पण झोपलेल्यालाही जगायला ताकद लागतेच की! चाक थांबलं, संपलं. पण लगेच मरत नाहीत हो. चिवट जात! साठवणीतलं खातात, दुसऱ्या वाटा शोधतात, म्हणून जोडीला आणखी गोळ्या. आणि बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत – हे बाई म्हणाली आणि मला तुमचा भाऊच डोळ्यांपुढे आला. विचारलं मी त्यांना, इथेच, तुम्ही बसलात तिथेच होते. पंख्याकडे बघत म्हणाले, 'बरं वाटत होतं गं.' बस, एवढंच! त्यानंतर सांगितलं, येऊ नका. आणि वेडी मी – भेटायची वेळ झाली की खिडकीत जाऊन उभी राहते. जाऊ दे. हे त्यांना सांगू नका.

काय? उलट्या व्हायच्या म्हणून सोडल्या? पोटात टिकत नव्हत्या?... मला कधी बोलले नाहीत ते. तुम्हाला कुणी सांगितलं? – नाही, थांबा. आत्ताचं नाही विचारत. तेव्हा माहीत होतं तुम्हाला? वन्सं, इकडे बघा. तेव्हा?

म्हणून सुट्टीत तुमची मुलं आमच्याकडे आली नाहीत. अभ्यास आहे म्हणालात. मी लाडू करून ठेवले होते त्यांच्यासाठी. तुमची तेवढी तुम्ही सांभाळलीत – आणि माझी पोर? एक शब्द, वन्सं! कानात सांगितलं असतंत तरी चाललं असतं मला.

रडू नका. मास्क ओला होतो. पोरीची तपासणी स्वच्छ निघाली, पण लक्ष ठेवायला सांगितलंय – माझा भाऊ येईल संध्याकाळी, तिचे कपडे भरून ठेवा. नाही, तुम्ही आणून सोडू नका, तोच येईल.

डबा घेऊन जा. उठा. नर्सबाई आल्या, माझ्या गोळीची वेळ झाली.