राजाच्या पट्टीची गाठ

चहा घ्या, पण माझ्या नाण्याला खोटं म्हणू नका. निपाणीच्या व्यापाऱ्याकडून मी ते इंडो-ग्रीक राजाचं चांदीचं नाणं आणलं, तेव्हा आमच्या नाणेप्रेमी मंडळातल्या दोन्ही विद्वानांनी ते न बघताच बनावट ठरवलं. माझ्यासारख्या निवृत्त कारकुनाच्या हाती खरं नाणं लागणं त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं. मीही घाबरून ते परत करायला निपाणीला निघालो. शेवटचं एकदा नीट बघावं म्हणून शहापूरला विणकर अण्णांकडं गेलो. सूत मोजायचं भिंग त्यांच्याकडं होतं. त्यांनी माग थांबवला आणि नाणं भिंगाखाली धरलं.

“आप्पा, ह्याच्या डोक्याला कापडाची पट्टी हाय व्हय?”

“राजाची खूण आहे ती. दोन हजार वर्षांपूर्वीची.”

“मागची गाठ बघा. दोन्ही पदर मोकळं सोडल्यात, आन् एकाला पीळ पडलाय. नक्कल करणारा नाक-डोळं घोटतोय, पिळाकडं कोण बघतंय?”

मी भिंगातून बघितलं. पीळ होता. इतकी वर्षं मी राजांची नावं वाचत बसलो होतो.

“मग खरं म्हणायचं का, अण्णा?”

“ते मला काय ठावं? पर दोन हजार वर्सं झाली, गाठ सुटल्याली न्हाय.”

निपाणीची बस मी सोडून दिली.