एक बाटली, दहा दंड

...आणि वर मलाच म्हणतात, एवढी घाई कसली? अहो, घाई नको करू तर काय करू? तुम्हाला सांगतो, ताईला बाळ झालंय, माझा पहिलावहिला भाचा, आणि ताईचं फर्मान काय? "फ्लूची लस घेतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही. मामा असशील तुझ्या घरचा!" म्हणजे मी भाच्याला बघायचं कुठून... तर खिडकीच्या काचेतून!

बरं, लस विद्यापीठाच्या दवाखान्यात फुकट. गेलो धावत, बाही वर केली. सिस्टर स्वेटर विणत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एका बाटलीत दहा डोस. फोडली की आजच संपवायची. दहा दंड आण, मग फोडते."

म्हटलं, हात्तिच्या! विद्यापीठात काय दंडांचा दुष्काळ आहे? सगळे शिकलेसवरलेले...

तुम्हाला सांगतो, शिकलेल्यांच्या नादी लागू नका! पहिला गाठला औषधशास्त्राचा हुशार. लस शरीरात जाऊन काय काय करते, घडाघडा सांगितलं त्यानं, मी टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी होत्या. म्हटलं, चल मग. तर म्हणतो, "परीक्षेत लिहिलंय ना मी, आता परत कशाला?" संगणकवाला म्हणे, यंदाची राहू दे, पुढच्या वर्षी सुधारून येईल. तत्त्वज्ञानवाली म्हणाली, "मुळात आजार म्हणजे काय?" आणि तिथल्या तिथं शिंकली... माझ्या तोंडावर! माझ्या खोलीतला पैलवान तर सुईचं नाव काढताच पलंगाखाली! लस चांगली, हे सगळ्यांना मान्य हो... फक्त ती शेजारच्यानं घ्यावी!

आणि सिस्टरचं आपलं एकच, दहा दंड आण, मग फोडते.

शेवटी सगळं समजावणं सोडलं आणि मोबाइलमधला भाच्याचा फोटोच दाखवत सुटलो. मूठ आवळून झोपलेलं ते पोर... काय सांगू, सगळे विरघळले! दुपारी दवाखान्यात मोजले, माझ्यासकट दहा. सिस्टरनी विणकाम बाजूला ठेवलं, बाटली फोडली. माझे तर डोळे भरून आले.

तर पैलवान म्हणतो, "माझा हात धर, नाहीतर मी चाललो." धरला. आता सोडेल तर शपथ! टोचून झालं, कापूस लावून झाला, माझी बोटं त्याच्या मुठीतच. तेवढ्यात तत्त्वज्ञानवालीची मैत्रीण आली, फोटो बघून पाघळलेली, बाही वर करूनच. रांगेत रिकामी जागा कुणाची? माझी! दहावा डोस गेला तिच्या दंडात!

सिस्टरनी संपलेली बाटली दाखवली आणि विणकाम हातात घेतलं. म्हटलं, अहो, माझं काय? मान वर न करता... हो, तेच!

आता काय, बोटं सुजलीत, भाचा काचेपलीकडे हसायला शिकलाय, आणि तुम्ही मंडळी इथं निवांत ऐकत बसलाय. तुमच्यात कुणाची लस राहिलीय का हो? फार नकोत, नऊच दंड हवेत. दहावा हा काय... बाही वर करून उभाच आहे.