पायल बोलली

हसू नका, पण या दिवाळीत माह्या नव्या साडीले भोक पडलं अन् मी खुशीनं रडली.

माह्या पहिलीच्या वर्गात पायल नावाची पोरगी आहे. शाळा उघडल्यापासून वर्गात एक शब्द बोलली नाई. लिहिते सगळं बरोबर, पण काही विचारलं की ओठावर बोट ठेवून नुसती पाहत राह्यते. तिची आई म्हणे, "घरी तर तिचं तोंड बंदच होत नाई, मॅडम." मले काही ते पटलं नाई. सुट्टीत तिले वर्ध्याच्या डॉक्टरले दाखवायचं ठरलं.

सुट्टी लागायच्या दिवशी पोरांनी स्वतः केलेले मातीचे दिवे वर्गात लावले. मी ओरडून राह्यली होती, "दिव्यापासून लांब राहा रे!"

तेवढ्यात मागून कोणी तरी किंचाळलं, "मॅडम, तुमचाच पदर पेटला!"

पदर चोळून विझवला अन् वळून पाह्यलं, तर पायल! माह्या जीवात जीव आला. तिले पोटाशी धरलं. म्हटलं, "इतके दिवस काऊन नाई बोलली वं?"

"तुम्हीच पहिल्या दिवशी म्हटलं, हाताची घडी, तोंडावर बोट."

"अवं, पण..."

"बोट काढा असं म्हटलंच नाई तुम्ही."