दुसऱ्यांदा काढलेलं इंजिन

भगवानराव : नाई, मले हे सांगा डोमाजी, पंच म्हून मले बसवलं, त खुर्ची तरी चार पायाची द्याची होती. हे तीन पायावर उभी हाये.

डोमाजी : चवथा पाय पोरीनं काढून जीपच्या चाकाखाली लावला. गाडी घरंगळू नाई म्हून.

भगवानराव : मालकाले न इचारता?

डोमाजी : खुर्ची तुमचीच होय. मागच्या पोयाच्या सनाले इथंच इसरून गेलते तुमी.

मोनाली : काका, बोलता बोलता तिपाईचा हा पाय धरा जरा. पंचाले हात लावायची मनाई नाही. मनाई फक्त बाबाले आहे.

भगवानराव : आता हे तिपाई बी माह्यीच. कापूस मोजाची. हिच्यावर आजवर कापसाशिवाय काई टांगलं नाई बाप्पा. किती भरन व मोना, हे इंजन?

मोनाली : दोन क्विंटलच्या वर.

भगवानराव : आन भाव?

मोनाली : काका!

भगवानराव : सवयीनं निंगलं तोंडातून. बरं, मी एक डाव शर्त सांगून घेतो. उद्या गावात कोनी मले पक्षपाती म्हनाले नको. शर्त अशी, का मोनालीनं या जीपचं मेलेलं इंजन काढाचं, आन लोहारा गावच्या भंगारातून आनलेलं हे दुसरं इंजन एकटीनं बसवाचं. दिवस बुडाच्या आंधी गाडी फाटकाच्या बाहेर गेली पाह्यजे. गेली, त रोडवरचं टिनाचं शेड आन डोमाजीचे सारे पाने तिचे. गॅरेज तिचं. नाई गेली, त सोमवारपासून नागपूरच्या शोरूमात बिलाच्या काउंटरवर. बरोबर?

डोमाजी : काउंटर काई वाईट नाई. एसी हाये तिथं.

मोनाली : मले सर्दी होते एसीनं.

डोमाजी : आन मी हात लावाचा नाई, शिकवाचं बी नाई. हे राह्यलं सांगाचं.

भगवानराव : ते त डाक्टरनंच सांगतलं. मोतीबिंदूच्या आपरेशनले आठ दिस नाई झाले तुमच्या. वाकाचं नाई, उचलाचं नाई, धुळीत बसाचं नाई.

डोमाजी : बसलो त हाओ.

भगवानराव : बसले, पन काळा चष्मा लावून खाटेवर असे बसले, का दुरून वाट्टे गावात पिच्चरची शूटिंग आली.

मोनाली : चेनकप्पी सोडते. इंजिन खाली येतंय. काका, बोटं काढा तिथून.

भगवानराव : काढले. दहाच्या दहा हायेत.

डोमाजी : भगवानराव, एक इचारू? बैलाले जुपतांनी तुमी बैलाची मान वाकवता, का जू उचलता?

भगवानराव : जू उचलतो. काहून?

मोनाली : बाबा, हे शिकवणं झालं.

डोमाजी : मी बैलाचं बोलून राह्यलो.

भगवानराव : थांबा, पंचाचा निर्नय आइका. माह्याकडं बैल नाई. दोन सालाआंधी इकले, हे डोमाजीले मालूम हाये. म्हंजे हे शिकवनंच होय. पयली ताकीद.

मोनाली : आणि ते मी केलंय. गेअरबॉक्सखाली जॅक लावून त्याचं तोंड वर केलं आधीच.

डोमाजी : कवा केलं?

मोनाली : तुम्ही बैल शोधत होते तेव्हा.

भगवानराव : डोमाजी, बोला आता. बोला काईतरी.

डोमाजी : हातभर जागा सोडली का तिनं रेडिएटरकडं?

भगवानराव : दीड हात सोडली. मी त म्हनतो, तुमी कामाले होते त्या कापसाच्या जिनिंगनं ही जीप लिलावात काढली तवा तुमी घेतली, तवापासून हिच्याखाली मी फक्त तुमचेच पाय पाह्यले होते. आज पयल्यांदा दुसरे पाय दिसून राह्यले. आन खरं सांगतो, हे पाय कमी थरथरतात.

डोमाजी : वय कमी हाये पायाचं.

मोनाली : येऊ दे... येऊ दे... थोडं अजून... हं. थांबा.

भगवानराव : बसलं?

मोनाली : नाही. दोन बोटं फट राह्यली.

भगवानराव : दोन बोटं म्हंजे तुह्ये का माह्ये?

मोनाली : कोणाचेही लावा काका, फट फटच. इंजिन आणि गेअरबॉक्सची तोंडं एकमेकाले भिडली पाहिजे. गेअरबॉक्सचा शाफ्ट क्लचप्लेटच्या मधल्या भोकात जातो, मग भिडतात. तो शाफ्ट कुठंतरी अडला.

भगवानराव : मंग एक धक्का हान. मी मागून रेटतो. अजून जोर हाये माह्यात.

मोनाली : जोर ठेवा काका. लागन नंतर.

डोमाजी : मोना.

मोनाली : काय?

डोमाजी : चार वाजून गेले. लांबवाले चार बोल्ट लाव चारी कोपऱ्यात. थोडा इकडून पाना फिरव, थोडा तिकडून. ओढून घेईन ते आपोआप.

भगवानराव : डोमाजी! हे त बैल बी नाई मधात घातला! उघड उघड शिकवलं!

डोमाजी : लावा ताकीद. दोन लावा. पोरीच्या बाजूनं शिकवलं ना, तिच्या इरोधात नाई.

मोनाली : मी नाही ओढत.

डोमाजी : काहून?

मोनाली : प्लेट मधोमध नाही बसली. त्यावर बोल्टानं ओढलं तर प्लेट चिरडन, नाहीतर गेअरबॉक्सचा कान, बोल्ट जातो तो, तुटन.

डोमाजी : दरडाव नाई तुटत.

मोनाली : बाबा, मी आठवीत होती. याच आंगणात तुम्ही मले उभं करून सांगितलं होतं, का बोल्ट धरून ठेवायले असतो, ओढायले नाही. त्या दिवशी जेवण थंड झालं पण तुमचं बोलणं थांबलं नाही. आणि आज तुम्हीच सांगता ओढ म्हणून?

भगवानराव : सांगा, डोमाजी. पंचालेही उत्सुकता हाये.

डोमाजी : वेळ नाई म्हून सांगतलं.

मोनाली : इंजिन बाहेर काढते.

भगवानराव : बाहेर? सकायपासून घाम गायून आत घातलं ते बाहेर?

मोनाली : चूक माझी आहे काका. प्लेट मी डोळ्याच्या अंदाजानं लावली. मधोमध वाटली. नुसती वाटलीच. बाबा, आई कधी येते?

डोमाजी : मारेगावले गेली बहिनीकडं. सांजच्या गाडीनं येईन.

मोनाली : मग लाटणं आणते घरातून.

भगवानराव : भूक लागली काय व?

मोनाली : तासते त्याले. टोक बारीक करते, मधात जाड ठेवते. टोक इंजिनच्या चाकातल्या भोकात जाईन, जाड भाग प्लेटच्या भोकात. म्हणजे प्लेट बरोबर मधात येते. मग ती आवळायची आणि लाटणं काढून घ्यायचं. शाफ्टाले रस्ता सरळ होतो.

भगवानराव : तुळसावहिनीचं लाटनं तासनार! डोमाजी, हे आंधीच सांगून ठेवतो, मी इंजनाचा पंच हाओ. या दुसऱ्या प्रकरनात मी साक्षीदार नाई. मी काई पाह्यलं नाई.

डोमाजी : मी बी नाई. माह्या डोयाचं आपरेशन झालं.

(कप्पीची साखळी वाजते, थांबते, पुन्हा वाजते. इंजिन परत तिपाईला लटकतं. आंगणात विळ्यानं लाकूड तासल्याचा आवाज.)

भगवानराव : काय पोरगी हाये बाप्पा! एक शब्द नाई का कटकट नाई. डोमाजी, मी चाळीस वर्सं शेती करून राह्यलो. पेरनी चुकली हे दिसत असूनही मोडून दुसऱ्यांदा पेराची हिंमत माह्या घरी दोनदाच झाली. आन दोनी डाव माह्या बायकोनं, बेबीनं केली, मी नाई.

डोमाजी : हळू बोला. तिले ऐकू जाईन.

भगवानराव : जाऊ द्या ना. तारीफ त होय.

डोमाजी : तारीफ ऐकाची तिले सवय नाई. हातातला इळा सटकन.

भगवानराव : मंग मले हे सांगा, हळूच सांगा. तुमीच शिकवलं ओढाचं नाई म्हून, आन तुमीच म्हनता ओढ. पोरगी हारावी म्हून म्हनलं काय?

डोमाजी : जिकावी म्हून म्हनलं. सकायी वाटे, काउंटरवर गेली त बरं, हात साफ राह्यतीन, तिच्या मायच्या मनासारखं होईन. मंग ते दोन बोटं फट राह्यली. पाहावलं नाई मले.

भगवानराव : हं.

डोमाजी : तवाही असंच झालतं. पाहावलं नाई.

भगवानराव : तवा म्हंजे कवा?

डोमाजी : जिनिंगच्या गॅरेजात. सेवादास आठोते तुमाले? माह्या जोडीचा मिस्त्री.

भगवानराव : नेरवाला? ज्यानं ट्रकचा गेअरबॉक्स फोडला म्हून त्याले कामावरून काढलं, तो?

डोमाजी : त्यानं नाई फोडला.

भगवानराव : मंग कोनं फोडला?

डोमाजी : सीझन होता. कापसाच्या गाड्या फाटकापासून रोडपर्यंत उभ्या. अशीच फट राह्यली. शेठ घडी पाहून राह्यला. म्या चार बोल्ट लावले आन ओढलं. कान चिरला, बारीक, केसाएवढा. म्या ग्रीस लावलं त्याच्यावर आन घरी आलो. पुढची पाळी सेवादासची. ट्रक त्याच्या हाती तुटला, त त्याच्या नावावर लागला.

भगवानराव : आन तुमी?

डोमाजी : म्या पोरीले आठवीत लेक्चर देलं. दुसरं काई केलं नाई.

भगवानराव : डोमाजी, तुमाले मी वीस वर्सापासून देवमानूस म्हनत आलो, चारचौघात.

डोमाजी : मालूम हाये. मले दरडाव कसंतरीच व्हाचं.

भगवानराव : मंग सांगाचं नाई काय? मी म्हननं बंद केलं असतं.

मोनाली : काका! तिपाई धरायले या. दुसऱ्यांदा सोडते खाली.

भगवानराव : आलो, आलो. डोमाजी, तुमी इथंच बसा. लय झालं तुमचं आज.

मोनाली : हळू सोडते... काका, गेअरबॉक्सकडं पाहा, तिथं फट किती?

भगवानराव : चार बोटं... तीन... दोन... आता तुह्यी दोन... एक...

डोमाजी : बसलं.

भगवानराव : तुमाले कसं समजलं? मी अजून बोटच लावून राह्यलो!

डोमाजी : कचकन आवाज नाई आला. आला असता त बसलं नसतं.

मोनाली : बसलं. हातानं बसलं, बाबा. बोल्ट आत्ता लावते. धरून ठेवायले.

डोमाजी : ...हो. धरून ठेवाले.

भगवानराव : पन दिवस गेला व मोना. तिकडं तुरीच्या वावरावर टेकला पाह्य.

मोनाली : पाइप जोडले. डिझेल भरलं. हवा काढते पंपानं. काका, बाजूले व्हा... स्टार्टर मारते.

भगवानराव : अरे, अरे, खोकलून राह्यलं हे! पांढरा धूर! हे त माह्या सासऱ्यावानी खोकलते!

मोनाली : हवा राह्यली अजून. परत काढते.

भगवानराव : काढ, काढ. घाई नको. दिवस अजून बुडाला नाई.

डोमाजी : बुडाला, भगवानराव.

भगवानराव : तुमचे डोये आठ दिसाचे हायेत. तुमची साक्ष चालत नाई. पंच मी हाओ. मी सांगन तवा बुडन.

मोनाली : स्टार्टर...

भगवानराव : धर, धर, धर... धरलं! डोमाजी, धरलं बाप्पा! आइका! दाने भरल्या कनसावानी भरीव आवाज हाये! फाटक कोन उघडन? मीच उघडतो. पंचालेच सारे कामं!

मोनाली : क्लच दाबला... गेअर पडला, बाबा. अलगद पडला.

भगवानराव : येऊ दे, येऊ दे, डावीकडं तुयशीचं झाड हाये, सांभाय... निंगली! फाटकाच्या बाहेर निंगली! लिहून घ्या, दिवस बुडाच्या आंधी!

मोनाली : काका, लाइट लावून आणली मी गाडी. दिवस बुडून पाव तास झाला. शर्त शर्त आहे. हरली मी.

भगवानराव : डोमाजी, ही पोरगी कोनावर गेली हो? तुमच्यावर त नाई गेली.

डोमाजी : नाई गेली. तेच पाहून राह्यलो मघापासून. मोना, शर्त म्या लावली होती ना? सूर्यानं त नाई लावली?

मोनाली : म्हणजे?

डोमाजी : मी असतो त ही गाडी पाचले फाटकाच्या बाहेर असती. आन पंधरा दिसानं कोन्या वावराच्या धुऱ्यावर कान तुटून उभी असती. वेयेत करनारे लय पाह्यले, त्याच्यात मी बी होतो. दुसऱ्यांदा बाहेर काढनारं कोनी नाई पाह्यलं. शेडची चाबी आतमधी खुंटीले हाये, घे.

मोनाली : बाबा...

डोमाजी : रडू नको. हाताले ग्रीस हाये, डोयात जाईन. एक आपरेशन पुरे हाये घरात.

भगवानराव : पंच बी हारला म्हना आज. बरं, आता एक चक्कर होऊन जाऊ द्या. मी मांगं बसतो.

डोमाजी : मोना, मले हात दे. पुढं बसतो मी.

मोनाली : डॉक्टरनं धक्के खाऊ नका सांगितलं.

डोमाजी : मंग तू हळू चालव.

मोनाली : कुठं नेऊ? चौकापर्यंत?

डोमाजी : नेरले. सेवादासच्या घरी.

भगवानराव : ...मी नाई येत मंग. मी फाटक लावून घेतो. जा तुमी.

मोनाली : कोण सेवादास?

डोमाजी : चाल, रस्त्यात सांगतो. आन मी सांगतांनी माह्याकडं पाहू नको. रोडकडं पाह्य.