दोन पाती की तीन

— तीनच पाती हवीत, हे कळलं हो मला, जावईबापू, अजून बहिरा झालो नाही मी. पण का हवीत, ते तर सांगाल? विमान तुमचं, हौस तुमची, पण प्रोपेलर बसवणारे हात सासऱ्याचे — म्हणून विचारतो. बसा त्या खोक्यावर. नको? बरं, उभे राहा. हा बघा तीन पात्यांचा, कालच बाहेर काढून ठेवलाय. देखणा आहे, नाही कोण म्हणतं? हादरे कमी, आवाज मऊ, चढतोही झटकन, आणि पाती आखूड, म्हणजे धावपट्टीवरचे खडे लागायची भीती कमी. पण नाक जड होतं, आणि वर गेल्यावर सरळ वाटेला तुमचा जुना दोन पात्यांचाच जास्त पळतो. म्हणजे एक धरा नि एक सोडा. सगळीकडे असंच असतं — तुम्हाला तेवढं सोडणं जमत नाही.

काय म्हणालात? तिच्यासाठी? अस्सं! तिला आवाजाचा त्रास होतो — असं कधी म्हणाली ती? माहेरी आल्यापासून तुमच्याशी चकार शब्द बोललेली नाही, मग हे कुठून कळलं? लग्नानंतर लगेच म्हणाली असेल. असेल, असेल. तेव्हा हसत म्हणाली असेल.

मग असं करा, जुना जरा फिरवून बघा. निवड करायची तर हातानं करावी, कागदावरचे आकडे वाचून नाही. विमानाला लावलेलाच आहे — धरा पातं, हं, टोकाकडे, दोन्ही हातांनी. किल्ली? किल्ली ही माझ्या खिशात. वाजली ना? बंद आहे सगळं. धरा की! आता तसेच थांबा, लगेच ओढू नका, एक सांगायचं राहिलं.

ती आली त्या दिवशी काही बोलली नाही. पोरगी आईवर गेलीय — मनाला लागलं की भांडी घासत बसते, घासलेलीच पुन्हा. मग एका दुपारी घरातला पंखा थांबला — वीज गेली, दुसरं काही नाही — आणि ही जी किंचाळली! त्यानंतर बोलली सगळं. वर असताना भांडण झालं म्हणाली. आता भांडण कुठल्या नवरा-बायकोत होत नाही? भांड्याला भांडं लागतंच. मीही हिच्या आईशी भांडलोय, चांगला कडाकडा, पण जमिनीवर. तुम्ही काय केलंत? तुम्ही इंजिन बंद केलंत. आणि म्हणालात, "आता बोल." एवढंच ना, की आणखी काही? काचेबाहेर पातं आडवं थांबलेलं, खाली नुसते डोंगर, आणि सगळीकडे शांत. तिनं माफी मागितली. मोठ्यानं माग म्हणालात. तिनं मोठ्यानं मागितली, मग सुरू केलंत. जावईबापू, तिला आवाजाची भीती नाही हो. आवाज थांबण्याची आहे. तिथं दोन पाती काय नि तीन काय — तीन असती तर तीन थांबलेली दिसली असती.

हात का ढिला करताय? धरून ठेवा. नाही नाही, किल्ली बंदच आहे, खोटं कशाला बोलू? पण किल्लीचं कसं असतं, तुम्हाला शिकवलंय ना — या इंजिनाला ठिणगीसाठी किल्ली लागत नाही, पातं फिरलं की ठिणगी पडतेच. किल्ली बंद केली की ती ठिणगी फक्त दाबली जाते, तेही एका बारक्या तारेच्या जोरावर. तार सुटली तर किल्ली खिशात असो नाहीतर विहिरीत, पातं जिवंतच — ओढलं की इंजिन पेटणार, आणि ओढणारा पात्यासमोर. म्हणून पातं कायम जिवंत समजायचं, असं पहिल्याच धड्यात सांगतात — आणि समोर आपला माणूस किल्ली वाजवून दाखवतो, तेव्हा भलेभले विसरतात. तुमच्या विमानाचं म्हणत नाही हो, सहज आपलं. तार मी सकाळी काढली होती, साफ करायला. जोडायची राहिली — राहिली म्हणजे — ठेवली.

काढलात हात. बरं केलंत. मी सांगणार नव्हतो. खरंच नव्हतो, सकाळपासून मनाशी पक्कं केलं होतं, आणि तोंडातून कसं गेलं, माझं मलाच कळत नाही. तुमची दया आली असं मात्र समजू नका, कणभरही आली नाही. ती पलीकडे घरात आहे, तिच्या कानावर गेलं असतं — म्हणून असेल. मागे का सरकताय? मी कुठं हलतोय जागचा? बोला ना काहीतरी. इतका वेळ तीन पाती, तीन पाती चाललं होतं. बोला. आता बोल — असंच म्हणाला होतास ना तिला? मोठ्यानं बोल.

नाही ना बोलवत? जा मग. विमान इथंच राहील, आणि तीही. पंखाखालून वाकून जा, पुढून नको. आणि जाताना पात्याला धक्का लागू देऊ नकोस.