देश मोडला, कॉलेज नाही

आमच्या गोदामातले इस्माईलचाचा तुम्हाला हमाल म्हणूनच माहीत ना? अरे, ते इंजिनियर होते! चेकोस्लोव्हाकियात टेक्निकल युनिव्हर्सिटीत शिकले. पुढे त्या देशाचे दोन तुकडे झाले. चाचा नोकरीसाठी इथे सौदीत आले, तर डिग्री तपासणारा कारकून म्हणाला, “हा देश यादीतच नाही.”

चाचांनी मान डोलावली. “देशच मोडला, तिथे कॉलेज कुठलं राहायला?” इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, ‘हमाल’ लागलं, आणि अल सुलैच्या या गोदामात तीस वर्षं पेट्या उचलल्या.

गेल्या महिन्यात चाचा कायमचे रत्नागिरीला निघाले. पासपोर्टवर एक्झिटचा, म्हणजे देश सोडायच्या परवानगीचा शिक्का बसला, त्या दिवशी मी सहज मोबाईलवरून चाचांच्या नावाने त्या युनिव्हर्सिटीला मेल टाकला. तिसऱ्या दिवशी, चाचा सामान बांधत असतानाच, उत्तर! ‘तुमचं नाव रजिस्टरात आहे. हवं तेव्हा डिग्रीचं पत्र देऊ.’ सोबत फोटो. चाचांच्या वेळी त्यांचा विभाग दोन खोल्यांत होता, आता त्याची सात मजली इमारत झाली होती.

मी चिडलोच. “चाचा, एकदा विचारायचं तरी होतं!”

चाचांनी चष्मा पुसला, फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला.

“जाऊ दे रे,” ते म्हणाले. “मी नाही तर नाही, कॉलेज तरी वाढलं.”