रुमालाआडचं तोंड

हसू नका, पण आमचे हे आठवडाभर घरी होते आणि मी त्यांचं तोंड पाहिलं नाही. सुरतेत प्लेग आला, तसे ते कापडाचे माग सोडून धुळ्याला आले, वर्षभरात पहिल्यांदाच घरी. दारातच सरकारी दवाखान्याच्या नर्सबाईंनी बजावलं, "तोंडाला रुमाल बांधा, ओसरीवरच राहा."

जेवतानाही ते भिंतीकडे तोंड करायचे. मी लांबून विचारायची, "हसताय का?"

"वळख," ते रुमालातून म्हणायचे.

माग सुरू झाल्याचा निरोप आला आणि सकाळच्या एसटीने ते रुमालासकट गेले.

दुपारी नर्सबाई आल्या. "वरून सांगितलंय, आता रुमालाची गरज नाही."

मी म्हटलं, "बाई, जरा सकाळी यायचं होतंत."